विद्यार्थ्यांची सकाळ आणि खरी रोजकीर्द

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



निमंत्रणपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सकाळची दिनचर्या लावण्यास साहाय्य करणारे ॲप कसे घडवावे, हा तो विषय. आणि वक्ता कोण, तर वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सरळ वडिलांच्या गादीवर बसलेला, उभी हयात कापडाचे तागे उलगडण्यात आणि गुंडाळण्यात घालविलेला एक व्यापारी. मला संगणकाची भाषा येत नाही. मोबाईलसुद्धा मी नाइलाजाने शिकलो. तथापि गेल्या वर्षी माझ्या नातीने आणि तिच्या तीन सहाध्यायांनी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून असे एक ॲप तयार करावयास घेतले आणि त्या कामी मला ओढले. “आजोबा, तुम्ही रोज पहाटे गजराशिवाय उठता. ते कसे जमते, ते आम्हाला सांगा. आम्ही ते ॲपमध्ये घालतो,” असे ती म्हणाली. मला वाटले, एका बैठकीचे काम आहे. प्रत्यक्षात सहा-सात महिने दर रविवारी सकाळी ही मुले आमच्या घरी बसत होती. त्या काळात मी त्यांना जे शिकविले त्याहून अधिक त्यांच्याकडून शिकलो. त्यातील एक चूक तर सर्वस्वी माझी होती. तीही आज आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम आमच्या पहिल्या प्रयत्नाविषयी सांगतो. मुलांनी ॲपची पहिली आवृत्ती मोठ्या उत्साहाने बनविली. त्यात सकाळी पाचचा गजर होता. त्यानंतर व्यायाम, स्नान, ध्यान, वाचन, वर्तमानपत्र, अभ्यासाची उजळणी अशी नऊ कामांची यादी होती. एकेक काम झाले की हिरवी खूण, राहिले की लाल खूण. सलग जितके दिवस सर्व खुणा हिरव्या, तितकी साखळी लांब. साखळी तुटली की पुन्हा शून्यापासून आरंभ. शिवाय सर्वांच्या गुणांची तुलना करणारी क्रमवारीही होती. यादीतील बहुतेक कामे मीच सुचविली होती. आपली स्वतःची दिनचर्या आदर्श आहे, असे प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला वाटत असते. त्याला मी अपवाद नव्हतो.

एका वसतिगृहातील काही मुलामुलींनी हे ॲप वापरून पाहण्याचे मान्य केले. पहिल्या आठवड्यात सगळीकडे हिरवळ पसरली. दुसऱ्या आठवड्यात लाल खुणा दिसू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांनी ॲप उघडणेच सोडून दिले. एका विद्यार्थ्याच्या खुणा मात्र अखेरपर्यंत हिरव्या राहिल्या. एकही दिवस चुकला नव्हता. साहजिकच मला त्याचे कौतुक वाटले आणि मी त्याला मुद्दाम घरी बोलाविले.

तो आला, पाया पडला आणि बराच वेळ गप्प बसून राहिला. मग म्हणाला, “आजोबा, मी एकही दिवस पाचला उठलेलो नाही. रात्री एका कुरिअरच्या गोदामात पार्सले वेगळी करण्याच्या कामाला जातो. परत येऊन झोपायला दोन वाजतात. उठल्या उठल्या मोबाईलवर लाल खूण दिसली की दिवसभर मनाला लागून राहते. म्हणून झोपण्यापूर्वीच सगळ्या खुणा हिरव्या करून टाकतो.”

मित्रहो, या उत्तराने मी अंतर्मुख झालो. आमच्या धंद्यात रोजकीर्द नावाची एक वही असते. दिवसभराची जमा आणि नावे तीत त्याच दिवशी लिहावी लागते. विक्री कमी झाली म्हणून कोणी दुकानदार मरत नाही. परंतु रोजकीर्दीत खोटे लिहू लागला की तो बुडालाच म्हणून समजावे, कारण त्यानंतर आपली खरी स्थिती त्याची त्यालाच कळत नाही. कॉलेजची फी स्वतः कमावून भरणाऱ्या एका प्रामाणिक मुलाला आमच्या ॲपने खोटी रोजकीर्द लिहावयास लावले होते. दोष मुलाचा नव्हता. ज्या वहीत खरे लिहिण्यास जागाच नाही, ती वही बनविणाऱ्याचा तो दोष होता. त्या दिवशी आम्ही जुनी यादी बाजूला ठेवली आणि नव्याने विचार करण्यास बसलो.

पहिला प्रश्न असा की, सकाळ सुरू केव्हा होते? आम्हा जुन्या माणसांचे उत्तर ठरलेले असते, पहाटे. वस्तुतः सकाळ आदल्या रात्री सुरू होते. रात्री एक वाजता झोपणाऱ्या मुलाला पाचला उठविणे म्हणजे त्याच्या झोपेतून तीन-चार तास कापून घेणे. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली तज्ज्ञांकरवी जी शिफारस प्रसिद्ध केली, तीनुसार १८ ते २५ वर्षांच्या तरुणांना सात ते नऊ तास झोप हवी आणि १४ ते १७ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. म्हणजे आपल्याकडील अकरावी-बारावीच्या मुलांना तर त्याहूनही अधिक.

यासंबंधी आणखी एक गोष्ट मला या वयात प्रथमच समजली. प्रत्येक प्राण्याच्या शरीरात एक अंतर्गत घड्याळ असते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ वयानुसार पुढे-मागे सरकते. जर्मनीतील म्युनिक येथील टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले की, पौगंडावस्थेत झोपेची नैसर्गिक वेळ उत्तरोत्तर उशिराकडे सरकत जाते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिराची असते आणि त्यानंतर पुन्हा अलीकडे येऊ लागते. म्हणजे वीस वर्षांचा नातू आणि पासष्ट वर्षांचे आजोबा यांची शरीरे एकाच घड्याळावर चालत नाहीत. मी पहाटे उठतो यात माझ्या शिस्तीचा वाटा किती आणि वयाचा किती, हे मला आता निश्चयपूर्वक सांगता येणार नाही. मुलांना आळशी म्हणण्यापूर्वी आपण वडीलधाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

याचा अर्थ मुलांनी दहापर्यंत लोळत पडावे असा नव्हे. मुंबईत वाणिज्य शाखेचे वर्ग अनेक महाविद्यालयांत सकाळी सातच्या सुमारास भरतात. कल्याण-डोंबिवलीहून किंवा वसई-विरारहून येणाऱ्या मुलाला घड्याळ जे सांगेल ते ऐकावेच लागते. म्हणून आम्ही ॲपमधील पहिला प्रश्नच बदलला. “किती वाजता उठणार?” असे विचारण्याऐवजी ॲप आता विचारते, “घरातून किती वाजता निघावे लागते?” मग पुढचे प्रश्न येतात. नळाला पाणी केव्हा येते? न्हाणीघर किती जणांत आहे? मेसमध्ये नाश्ता कधी मिळतो? रात्री काम किंवा क्लास असल्यास तो केव्हा सुटतो? या उत्तरांवरून ॲप उलटा हिशेब मांडते आणि प्रथम झोपण्याची वेळ सांगते, उठण्याची नंतर. गजरही दोन आहेत. पहिला रात्रीचा, “आता आवरते घ्या” असे सांगणारा. शिंपी जसे कापड पाहून कपडा बेततो, तशी प्रत्येकाच्या परिस्थितीतून त्याची सकाळ बेतावी लागते.

दुसरा प्रश्न यादीचा. नऊ कामांची यादी कागदावर शोभून दिसते, पण अंगवळणी पडत नाही. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन गोष्टी आग्रहाने सांगितल्या आहेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, “मी व्यायाम करीन” असा मोघम संकल्प करण्यापेक्षा “अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन” असा नेमका संकल्प केल्यास तो पार पडण्याचा संभव वाढतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बी. जे. फॉग हे त्यापुढे जाऊन सांगतात की, आरंभीचे काम इतके लहान असावे की ते टाळण्याचा विचारही मनात येऊ नये. आणि जे काम आपण आधीपासून नित्य करतो, त्याला ते जोडून द्यावे. दात घासणे कोणी विसरत नाही. ती झाली खुंटी. त्या खुंटीला नवे काम अडकवायचे. “दात घासून झाले की अंथरुणाची घडी घालीन.” “चहाचे आधण ठेवले की वहीचे एक पान वाचीन.” आमच्या ॲपमध्ये आता नऊ कामांऐवजी एकच काम असते. ते दोन मिनिटांहून मोठे नसावे, अशी अट आहे. ते स्थिरावल्याखेरीज दुसरे काम ॲप घेऊ देत नाही.

हे पहिले काम कोणते असावे, हे मात्र विद्यार्थ्यानेच ठरवावयाचे. या बाबतीत आमच्याकडून एक गमतीदार चूक झाली होती. ‘फॅब्युलस’ नावाच्या एका प्रसिद्ध ॲपमध्ये उठताच पेलाभर पाणी पिण्यापासून आरंभ करतात. आमच्या मुलांनी तेच उचलले. त्यावर एका मुलीने सांगितले, “मी नवकारशी करते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत मी पाणी घेत नाही.” तिच्या शेजारच्या खोलीतील मुलगी रमजानच्या महिन्यात पहाटेपूर्वीच खाऊन-पिऊन घेत असे. दोघींनाही ते ॲप रोज लाल खूण देत होते. आपल्या घराघरांत चालत आलेला नवकारशीचा नियम पाहिला, तर ॲप बनविणाऱ्याने शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. तो लहान आहे, त्याला मुदत आहे आणि त्याची खुंटी घड्याळाचा काटा नसून सूर्योदय आहे. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्याला सव्वासात होतात. नियम तोच राहतो आणि वेळ ऋतूप्रमाणे सरकते. त्या मुलीच्या सूचनेवरून ॲपमध्ये सूर्योदयाला जोडलेली वेळ ठेवण्याची सोय करण्यात आली.

तिसरा प्रश्न साखळीचा आणि खाड्याचा. २१ दिवस सलग केले की सवय लागते, असे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मीही दुकानातील पोरांना तेच सांगत असे. या समजुतीचे मूळ शोधू गेल्यास बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकाकडे बोट दाखविले जाते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास रुग्णाला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातील ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि एकवीस तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर बारा आठवडे अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. कृती आपोआप घडू लागण्यास लागणारा काळ त्यांना माणसागणिक फार वेगळा आढळला. त्यांच्या गणिताप्रमाणे तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि त्यातील मधली संख्या ६६ दिवस होती. परंतु मला त्याहून मोलाचा वाटला तो त्यांचा दुसरा निष्कर्ष. मध्ये एखादा दिवस चुकल्यामुळे सवय लागण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा अडथळा येत नाही, असे त्यांना दिसून आले.

एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही, असे शास्त्र सांगते. आणि आमचे ॲप तर एका दिवसाच्या चुकीसाठी चाळीस दिवसांची पुण्याई पुसून शून्य मांडत होते. भाषा शिकविणाऱ्या ‘ड्युओलिंगो’ या ॲपनेही अशी सलग दिवसांची साखळी लोकप्रिय केली, पण एखादा दिवस चुकला तरी ती टिकावी म्हणून तिला गोठविण्याची सोयही पुढे दिली. आम्ही साखळीच काढून टाकली. तिच्या जागी आता गेल्या चौदा दिवसांची एक साधी ओळ दिसते. तिच्यात तीन प्रकारच्या नोंदी होतात. ‘झाले’, ‘थोडे झाले’ आणि ‘खाडा’. ‘खाडा’ हा शब्द मी सुचविला. आमच्याकडे कामावर न येण्याच्या दिवसाला खाडा म्हणतात. त्या शब्दात शिवी नाही. खाडा पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येतोच. त्या नोंदीचा रंग लाल नसून राखी आहे. सलग तीन खाडे पडले, तर ॲप रागावत नाही. ते विचारते, “काम मोठे वाटते का? लहान करू या का?”

चौथा प्रश्न बक्षिसांचा. क्रमवारी आणि गुण यांचे आकर्षण मुलांना फार होते. स्पर्धेशिवाय आजचा विद्यार्थी हलणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पण व्यापाऱ्याला याचा अनुभव निराळा असतो. एकदा गिऱ्हाईकाला सवलतीची सवय लागली की पुढे सवलतीवाचून ते पायरी चढत नाही. कापड चांगले की वाईट, हे पाहण्याचेही ते सोडून देते. नात म्हणाली, “आजोबा, हेच एका प्रयोगात सिद्ध झालेले आहे.” १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले घेतली. त्यांतील काहींना चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्रक देऊ, असे आधी सांगितले आणि ते दिले. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. बक्षीस आले आणि आवड उणावली. तेव्हा क्रमवारी गेली. मित्राशी दोघांत मिळून सकाळ पाळण्याची सोय तेवढी राहिली. तीही दोघांची इच्छा असेल तरच.

यानंतर थोडे तांत्रिक अडचणींविषयी. तरुण मित्रांना त्याचा उपयोग व्हावा. गजराचे ॲप असेल तर तो वाजलाच पाहिजे. दुकानाची वेळ सांगून कुलूप लावून बसण्यासारखे दुसरे पाप नाही. पण स्वस्त मोबाईलमध्ये बॅटरी वाचविण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद केली जातात आणि गजर मुका राहतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून नेमक्या मिनिटाला गजर देण्यासाठी स्वतंत्र परवानगीची व्यवस्था आली आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखविण्यासाठीही वापरणाऱ्याची अनुमती मागावी लागते. या परवानग्या कशासाठी, हे सोप्या मराठीत सांगितले नाही, तर मुले ‘नको’ म्हणतात आणि मग ॲपला दोष देतात. आमच्या मुलांनी प्रथम आपापल्या महागड्या मोबाईलवर चाचणी घेतली होती. वसतिगृहातील जुन्या मोबाईलवर निम्मे गजर वाजलेच नाहीत. देवनागरी अक्षरांच्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात होते, कारण ओळींमधील अंतर इंग्रजी अक्षरे समोर ठेवून ठरविले होते. इंटरनेट नसतानाही ॲप पूर्णपणे चालले पाहिजे, हेही तेव्हाच कळले.

आणि एक मूलभूत विसंगती. सकाळी उठताच मोबाईल हाती घेणे हाच मुळी अनेकांच्या सकाळीचा रोग आहे. गजर बंद करण्यासाठी बोट लावले आणि अर्धा तास चित्रफिती पाहण्यात गेला, असे प्रत्येक दुसरा मुलगा सांगत होता. मग त्याच मोबाईलवर खुणा करावयास लावणारे आमचे ॲप रोग वाढविणार की कमी करणार? तैवानमध्ये तयार झालेल्या ‘फॉरेस्ट’ या ॲपची कल्पना मुलांना आवडली. त्यात मोबाईल बाजूला ठेवला तर पडद्यावर झाड वाढते, मध्येच दुसरीकडे भटकलात तर ते वाळते. आम्ही त्याहून साधा मार्ग घेतला. गजर बंद केला की पडद्यावर त्या दिवसाची एक ओळ दिसते आणि ॲप स्वतःहून मिटते. सकाळी कोणतीही नोंद मागितली जात नाही. झाले की खाडा, हे संध्याकाळी निवांतपणे लिहावयाचे. रोजकीर्दही दुकान वाढविण्याच्या वेळीच लिहितात, गिऱ्हाईक समोर असताना नव्हे.

आता माझ्या चुकीविषयी. ॲप सुधारल्यानंतर मुले नियमित नोंदी करू लागली. तेव्हा वसतिगृहाशी संबंधित एका ज्येष्ठ गृहस्थांनी सुचविले की, कोणता विद्यार्थी किती वाजता उठतो, याचा तक्ता दररोज कार्यालयात आणि महिन्याने पालकांकडे जावा. मला ही सूचना अत्यंत योग्य वाटली. आपण मुलांच्या हिताचेच करीत आहोत, मग लपवाछपवी कशासाठी? मी मुलांना न विचारता होकार देऊन टाकला.

नातीने तो साफ नाकारला. आयुष्यात प्रथमच ती माझ्याशी चढ्या आवाजात बोलली. “आजोबा, त्या मुलाने खोट्या खुणा का केल्या होत्या, हे तुम्हीच आम्हाला समजावून सांगितले होते ना? उद्यापासून सगळेच तसे करतील. आणि ही नोंद त्यांची आहे. ती देणारे आपण कोण?” मी रागावून उठून गेलो. दोन रविवार आमच्या घरी बैठक झाली नाही.

त्या दोन आठवड्यांत मी शांतपणे विचार केला. माझ्या दुकानाची वही मी शेजारच्या दुकानदाराला दाखवीन का? मग विद्यार्थ्याची झोप, त्याचे आजारपण, त्याची रात्रीची नोकरी यांची वही मी परस्पर दुसऱ्याच्या हाती कशी देतो? कायदाही मुलांच्या बाजूचा आहे, हे मागाहून कळले. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. एखाद्याची माहिती कशासाठी घेतो, हे स्पष्ट सांगून त्याची संमती घ्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. १८ वर्षांखालील व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक असून तिच्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आणि तिच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई, अशा तरतुदी त्यात आहेत. आपल्याकडे अकरावी-बारावीचे विद्यार्थीही ‘कॉलेजला’ जातात, हे अशी ॲप बनविणाऱ्यांनी विसरू नये. अखेर आमच्या मुलांनी सर्वांत सोपा आणि सर्वांत सुरक्षित उपाय केला. नोंदी विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्येच राहतात. त्या आमच्याकडे येतच नाहीत, मग आम्ही कोणाला देणार? तिसऱ्या रविवारी मी स्वतः मुलांना बोलावून क्षमा मागितली आणि त्या गृहस्थांना दिलेला शब्द मागे घेतला. सर्वांच्या देखत नातीची क्षमा मागताना मला संकोच वाटला, हे खोटे कशाला सांगू? पण त्यानंतरच हे काम खऱ्या अर्थाने मार्गी लागले.

शेवटचा मुद्दा. गिऱ्हाईक पुनःपुन्हा यावे, हे दुकानाचे यश. पुष्कळशी ॲपही याच हिशेबाने बनविली जातात. माणूस त्यात जितका वेळ रेंगाळेल तितका त्यांचा लाभ. सवय लावणाऱ्या ॲपचा हिशेब मात्र याच्या अगदी उलट हवा. सवय लागली याचा अर्थच ती आठवण करून द्यावी लागत नाही. म्हणून एखादे काम काही आठवडे स्थिर झाले की आमचे ॲप विचारते, “आठवडाभर गजर बंद करून पाहायचा का?” ज्या दिवशी विद्यार्थी ते काढून टाकील आणि तरीही त्याची सकाळ चालू राहील, त्या दिवशी ॲपचे काम पूर्ण झाले. असा धंदा मी आयुष्यात केलेला नाही. परंतु शिक्षक, पालक आणि वैद्य यांचे काम याच जातीचे असते, हे मात्र मला ठाऊक आहे.

आपण विचाराल, त्या गोदामात काम करणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले? ॲपने त्याला प्रश्न विचारले, त्याने खरी उत्तरे दिली. त्याचे कॉलेज दुपारचे आहे. म्हणून त्याची सकाळ साडेनऊला सुरू होते असे ठरले. पहिले काम त्याने निवडले ते असे की, तोंड धुऊन झाले की गावी आईला फोन करणे. मग त्यात अभ्यासाची वीस मिनिटे जोडली गेली. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने आपणहून मोबाईल पुढे केला. चौदा दिवसांच्या ओळीत चार खाडे होते. “आजोबा, यातले सगळे खरे आहेत,” असे तो हसून म्हणाला. त्याच्या जुन्या, अखंड हिरव्या साखळीपेक्षा ही चार खाड्यांची ओळ मला कितीतरी मोलाची वाटली.

विद्यार्थी मित्रांनो, आपण असे ॲप बनविणार असाल, तर प्रथम ज्याच्यासाठी ते बनवावयाचे त्याच्या नळाची, त्याच्या लोकलची आणि त्याच्या रात्रीची चौकशी करा. आपण ते वापरणार असाल, तर त्यात खाडा लिहिण्याचे धैर्य ठेवा. आणि पालकांनो, आपल्या मुलाची वही त्याच्या संमतीवाचून उघडू नका. ती त्याने आपणहून दाखवावी, इतका विश्वास तेवढा त्याला द्या.